राजवाड्याजवळ भेटलेल्या मावशींना

मार न खाताही बाई मोडते, हे तुमच्यामुळे कळलं. त्या संध्याकाळी बसथांब्यावर मी रडत होते, तुम्ही शेजारी बसलात. नावही विचारलं नाहीत. नवरा महिनोन्‌महिने बोलत नाही, तापाने फणफणले तरी औषध आणत नाही, पगार काढून घेतो. मी याला ‘घरातली कुरबुर’ म्हणत होते. तुम्ही म्हणालात, “अगं, हा छळच. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, पैसे अडवणं, सगळं येतं.” आणि माझ्याच फोनवरून १८१, महिलांची हेल्पलाइन, लावून दिलंत.

वन स्टॉप सेंटरमधल्या, म्हणजे छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातल्या, ताईंनी मला मध्ये न तोडता ऐकलं. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी कोर्टातल्या अर्जाला मदत केली. विधी सेवा प्राधिकरणातून, म्हणजे सरकारी कायदेशीर मदतीतून, वकील मिळाले, विनामूल्य. त्या सगळ्यांचे आभार.

मावशी, मी रामबागेत आईकडे आहे. रात्री झोप लागते.