पडवी काचबंद करताना

संपादक महोदय,

रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील जुन्या कौलारू घरांच्या पडव्या सध्या सरकत्या काचांनी बंद केल्या जात आहेत. पावसाच्या झडीपासून बचाव हवा, हे मान्य. पण जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि वारा खेळता राहिला तरच वाळतो, त्यामुळे पूर्ण काचबंद पडवीत भिंतींना बुरशी आणि वाशांना वाळवी लागण्याचा धोका वाढतो. आमच्याकडे लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांतच गंजले. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात उडालेली कौले आम्ही पाहिली आहेत. म्हणून नवी चौकट जुन्या वाशांवर न टेकवता स्वतंत्र खांबांवर उभारावी आणि वरच्या बाजूस झडपा ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे.

– एक वाचक, श्रीवर्धन