इंग्लंडमधल्या मृत्युपत्रात गावाकडचा नमुना चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशस्थ मराठी माणसांनी वेळेत मृत्युपत्र करावे, हा आपल्या दैनिकातला सल्ला योग्यच आहे. मात्र गावाकडच्या वकिलाचा नमुना समोर ठेवून इंग्लंड-वेल्समधले मृत्युपत्र लिहिले जाते आणि तिथे घोळ होतो. कोणाला द्यायचे याबद्दल मंडळी ठाम असतात. पण नेमकी वस्तू द्यायची, ठरावीक रक्कम द्यायची की उरलेल्यातला वाटा, याचा विचारच झालेला नसतो.

‘माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या थोरल्या मुलीला’ हे स्पेसिफिक गिफ्ट. मृत्यूच्या वेळी त्याच पाटल्या मालकीत असाव्या लागतात. मध्यंतरी सराफाकडे त्या मोडून हार केला, तर मुलीला पाटल्या नाहीत, हार नाही आणि किंमतही नाही. हार रेसिड्यूत, म्हणजे उरलेल्या मालमत्तेत जमा होतो. आपल्या घरांत सोने मोडून घडवणे नित्याचे, तेव्हा ‘किंवा मृत्यूसमयी त्यांच्या बदल्यात माझ्याकडे असलेला दागिना’ एवढे तरी कलमात हवे. बँक खात्याचेही तसेच. ‘अमुक खात्यातली शिल्लक भाचीला’ लिहिले आणि पुढे चांगल्या व्याजासाठी पैसे दुसऱ्या बँकेत हलवले, की भाचीच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी ‘10,000 पौंड, शक्यतो अमुक खात्यातून’ असे लिहावे. मग खाते रिकामे निघाले तरी रक्कम बाकीच्या मालमत्तेतून मिळते.

ठरावीक रकमा सर्वांत फसव्या. कर्जे आणि खर्च वजा झाल्यावर आधी त्या दिल्या जातात, रेसिड्यूची पाळी शेवटी. समजा, मालमत्ता 3 लाख पौंडांची आहे. पुतण्यांना मिळून 1 लाख आणि बाकी सगळे पत्नीला असे लिहिले. पुढे केअर होमच्या बिलांनी मालमत्ता 1 लाख 20 हजारांवर आली, तर पुतण्यांचा लाख शाबूत राहतो आणि पत्नीला 20 हजार उरतात. म्हणून रकमांऐवजी टक्के लिहावेत, किंवा रकमांची बेरीज मालमत्तेच्या अमुक टक्क्यांपुढे जाणार नाही अशी मर्यादा घालावी.

घर मुलाला दिले की घरावरचे मॉर्गेजही मुलाच्याच गळ्यात पडते. 1925 च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ इस्टेट्स अ‍ॅक्टचे कलम 35 तसेच सांगते. कर्ज रेसिड्यूतून फेडायचे असेल तर घराचा उल्लेख करून स्पष्ट लिहावे. ‘माझी सर्व देणी फेडावीत’ हे नेहमीचे वाक्य त्याला पुरत नाही.

लाभार्थी आधी वारला तर? 1837 च्या विल्स अ‍ॅक्टचे कलम 33 मुलांच्या आणि नातवंडांच्या बाबतीत त्यांच्या पुढच्या पिढीला सांभाळून घेते. भाऊ, पुतण्या, भाची यांना ते संरक्षण नाही. रेसिड्यू दोघा भावांना निम्मानिम्मा दिला आणि एक आधी गेला, तर त्याचा अर्धा हिस्सा मृत्युपत्र नसल्याप्रमाणे वाटला जातो. प्रत्येक नावापुढे ‘हयात नसल्यास अमुक’ हे हवेच.

दोन नियम भारतात हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू नाहीत, त्यामुळे ते आपल्या लोकांच्या ध्यानीमनी नसतात. विल्स अ‍ॅक्टच्या कलम 15 नुसार साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेले दान रद्द होते. मृत्युपत्र टिकते, दान जाते. सुनेला साक्षीला बसवले की मुलाचा वाटा बुडाला! दुसरे, कलम 18 नुसार लग्न केल्यावर आधीचे मृत्युपत्र रद्द होते. ठरलेल्या लग्नाचा, त्या व्यक्तीच्या नावानिशी, मृत्युपत्रातच उल्लेख करून ते टिकवता येते.

गावच्या शाळेला देणगी ठेवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. वारसा करात धर्मादाय सूट मिळते ती ब्रिटनमधल्या संस्थांना, महाराष्ट्रातल्या ट्रस्टला नाही. शिवाय ब्रिटिश पासपोर्टधारकाचा पैसा घ्यायला त्या ट्रस्टकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. संस्थेचे नुसते नाव न लिहिता नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहावा, आणि ती बंद पडली किंवा विलीन झाली तर रक्कम कोणाकडे जावी हेही.

पुण्यातल्या फ्लॅटसाठी भारतात वेगळे मृत्युपत्र केले असेल, तर ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे छापील वाक्य इंग्लंडच्या कागदावर तसेच ठेवू नये. ‘माझ्या भारताबाहेरील मालमत्तेपुरती’ अशी त्याला मर्यादा घालावी. सॉलिसिटरला भारतातल्या कागदाची कल्पना नसते. ती आपणच द्यायची असते.

आपला,
एक वाचक, लंडन