चिऊच्या यादीतला हत्ती

चियांग माय, थायलंड,
५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

इकडे आल्यावर काय काय करायचं, ती चिऊची यादी मिळाली. पहिल्याच नंबरावर 'हत्तीवर बसणे' आणि पुढे तीन उद्गारचिन्हं! बाकी सगळं करू, एवढं एक मात्र नको. का ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना, म्हणून पत्र.

खरं तर मला बोलायला तोंड नाही. इथे आले त्या वर्षी मीही बसले होते, फोटो दादाच्या फोनमध्ये असेल. माहूत सारखं हत्तिणीच्या कानामागे काहीतरी लावत होता. मला वाटलं, वाट दाखवतोय. उतरल्यावर बघितलं तर तिथे ओली जखम, त्यावर माशा.

थायलंडने १९८९ मध्ये जंगलातली लाकूडतोड बंद केली. ओंडके ओढणारे हत्ती नि त्यांचे माहूत बेकार झाले आणि पर्यटकांकडे वळले. हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, तो गरीब माणूस आणणार कुठून? त्यामुळे नुसत्या माहुतावर चिडून भागत नाही. पण पाठीवर परकी माणसं घ्यायला हत्ती आपणहून तयार होत नाही गं. पिल्लाला आईपासून तोडून अरुंद खोड्यात बांधतात आणि ते हार मानेपर्यंत मारतात. इथे त्याला फाजान म्हणतात. आणि 'आम्ही बसत नाही, फक्त आंघोळ घालतो' म्हणणाऱ्यांनाही तसाच मुकाट उभा राहणारा हत्ती लागतो. तोही कधी बिथरतो. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या एका बेटावर हत्तीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश मुलीचा जीव गेला.

पाटीवर 'अभयारण्य' लिहायला काही पैसे पडत नाहीत. म्हणून मी फोन करून सरळ विचारते, बसता येतं का, आंघोळ घालता येते का, खेळ असतो का? एकालाही 'हो' आलं की फोन ठेवते. शेवटी एक जागा सापडली, तिथे टेकडीवरून नुसतं बघायचं. हत्तींची मर्जी असली तर ते दिसतात. तिथलं बुकिंग केलंय.

बिजली आठवते ना? लग्नात मिरवून, रस्तोरस्ती भीक मागायला फिरवून थकलेली ती हत्तीण आपल्या मुलुंडमध्ये कोसळली आणि जून २०१३ मध्ये गेली. आई तेव्हा रोज पिशवीभर केळी घेऊन जायची. एकदा परत आल्यावर चपला न काढताच बसली आणि म्हणाली, "पाच-पाच रुपये आपणच देत होतो ना गं, दारात हत्ती आला की."

तेव्हा आता गल्लीत हत्ती आलाच तर चिऊच्या हातात नाणं देऊ नकोस. लांबून फोटो काढ, ठिकाण नीट लिहून ठेव आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन कर. माहुताशी भांडायला मात्र दादाला पाठवू नकोस, त्याचा आवाज ऐकून हत्तीच बुजायचा. आणि बंड्याकाकांना सांग, ती हत्तीच्या केसाची अंगठी शुभ असेल नसेल, पण हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या केसाची विक्रीसुद्धा गुन्हा आहे. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

येताना दादाची दुर्बीण आण, मॅचला नेतो ती. टेकडीवरून चिऊला लागेल. आणि थोडं मेतकूट. इथे भात उदंड, पण त्यावर घालायला काही नाही.

आईला नमस्कार.

तुझी,
मनू