कामगंध सापळ्याला नावे ठेवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सापळे लावले तरी बोंडअळी आलीच' ही ओरड जालना-परभणीच्या कपाशी पट्ट्यात पोळ्यानंतर दरवर्षी ऐकू येते. कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल लावून नर पतंग पकडणारा सापळा, हे अळीचे औषध नव्हे, हे मात्र तो हातात देताना कुणी सांगत नाही. त्यात अळी येत नाही, मादी पतंगही येत नाही. येतो तो फक्त नर.

गुलाबी बोंडअळीची मादी रात्री पोटाच्या टोकाकडील ग्रंथीतून गंध सोडते. नर तो मिशांनी टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी उडत निघतो. वास तुटला की आडवा फिरून पुन्हा शोधतो. सापळ्यात टांगायच्या ल्युअरमध्ये, म्हणजे आमिषात, याच गंधाची नक्कल असते. तिचे नाव गॉसिप्लुर, दोन घटक जवळपास निम्मे-निम्मे. घाटेअळीचा गंध निराळा, तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा त्याहून निराळा. म्हणून घाटेअळीचा हेलील्युअर लावून गुलाबी पतंगाची वाट पाहण्यात अर्थ नाही. एका सापळ्यात दोन ल्युअर टांगू नयेत, आणि एकाला लावलेला हात न धुता दुसऱ्याला लावू नये.

पतंगांवर नजर ठेवायला पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी २ सापळे पुरतात, अंतर साधारण ५० मीटर. सर्वांत जास्त चूक होते ती उंचीत. ल्युअर पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर हवा. ऑगस्टमध्ये गुडघ्याएवढ्या कपाशीत रोवलेली सापळ्याची काठी सप्टेंबरअखेर पानांत बुडते. मग गंध वाऱ्यावर जात नाही, सापळ्याखालची पतंग साठवणारी पिशवी रिकामी राहते आणि शेतकरी म्हणतो, 'यंदा पतंगच नाहीत!' पिशवीचे खालचे टोक नीट बांधलेले नसले तरी हेच होते.

मोजणी रोज सकाळी करावी. सापळ्यामागे रात्री सरासरी ८ पतंग, तेही सलग ३ रात्री, ही धोक्याची पातळी. आठवड्याने पिशवी उघडून ५६ मोजले तर सरासरी ८ येते खरी, पण ते रोज येत होते की दोनच रात्रींत आले, हे कळत नाही. गुलाबी पतंग लहान, करडा-तपकिरी, जेमतेम एक सेंटिमीटरचा. इतर किडे त्यात धरू नयेत. पातळी ओलांडली म्हणून लगेच पंपही उचलू नये. एकरी २० हिरवी बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून तोडून चिरावीत. दोनांत अळी दिसली तर फवारणी. डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली फुले) दिसतील तेव्हा तोडून अळीसकट नष्ट कराव्यात. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तर पतंगांवर नजर ठेवायची. घाईने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारले तर पांढरी माशी उसळते, तो खर्च वेगळाच.

नर पकडून कीड कमी करायची तर एकरी ८ सापळे लागतात. तेही एकट्याने आपल्या दोन एकरांत लावून भागत नाही: एक नर अनेक माद्यांशी जुळतो आणि शेजारच्या रानात मीलन झालेली मादी उडून येऊन अंडी घालते. सगळ्या शिवाराने एकदम लावले तरच त्यात दम आहे.

(प्रकाश सापळ्याचा हिशेब निराळा. पौर्णिमेच्या चांदण्यात दिव्याचा प्रभाव पडत नाही आणि पतंग कमी येतात. तो आकडा पाहून कीड ओसरली असे समजू नये.)

ल्युअरचा गंध तीन-चार आठवडेच टिकतो, उन्हाच्या तडाख्यात त्याहून कमी. पाकीट लावतानाच फोडावे, शिल्लक ल्युअर थंड जागी ठेवावेत, जुने शेतात टाकू नयेत. ऑगस्ट ते डिसेंबर धरले तर एका सापळ्याला पाच-सहा ल्युअर लागतात. वाटपात मात्र सापळ्यासोबत बहुधा एखादाच मिळतो आणि ऐन बोंडे भरताना काठीवर नुसते प्लास्टिक लोंबत राहते. कृषी विभागाने यंदा सापळे निम्मे द्यावेत, पण ल्युअर हंगामभराचे द्यावेत.

– एक वाचक, मानवत (जि. परभणी)