विरुद्धार्थी शब्दांची यादी नको, वस्तू हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिली-दुसरीच्या वह्यांमध्ये ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ या मथळ्याखाली वीस-वीस जोड्या उतरवून घेतलेल्या असतात. मुलं त्या घडाघडा म्हणतातही. पण ‘घट्ट × पातळ’ असं पाठ केलेल्या मुलाला घट्ट बसलेली नाडी काय करायची, ते सांगता येत नाही. आमटी घट्ट असेल तर उलट पातळ, नाडी घट्ट असेल तर उलट सैल. कागद जाड तर उलट पातळ, माणूस जाड तर उलट बारीक. घर जुनं-नवं, भाकरी शिळी-ताजी, भेंडी जून-कोवळी. सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी विचारणं या वयात चुकीचंच आहे. जोडी नेहमी नामासकट शिकवावी. त्याने लिंगाची बाजूही आपोआप सांभाळली जाते: ओला टॉवेल-कोरडा टॉवेल, ओली माती-कोरडी माती. लांब, आखूड, जड, मऊ हे शब्द बदलत नाहीत आणि मोठा, ओला, जुना बदलतात, हे मुलाच्या कानाला नियम न सांगता कळतं. नुसत्या यादीतून मात्र ‘मोठी × छोटा’ असली उत्तरं येत राहतात.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही नवे शब्द एकाच दिवशी देणं. मुलाला जोडी आठवते, पण त्यातला कुठला शब्द कशाचा हे उलटसुलट होतं. मुलांना बहुधा एक टोक आधी येतं: लांब, उंच, जाड, खोल. मोजमापांची नावंही त्याच टोकावरून आलेली आहेत: लांबी, उंची, जाडी, खोली. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

एकाच रंगाच्या आणि एकाच रुंदीच्या तीन रिबिनी कापाव्यात: ३० सेंटिमीटर, २० सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटर. पहिल्या दिवशी फक्त मोठी आणि सर्वांत छोटी रिबीन दाखवून ‘ही लांब आहे’, ‘ही लांब नाही’ एवढंच. ‘नाही’ पक्कं झालं की दुसऱ्या दिवशी ‘लांब नाही, म्हणजे आखूड’. तिसऱ्या दिवशी मधली रिबीन आणावी. ती १० च्या शेजारी लांब आणि ३० च्या शेजारी आखूड ठरते. इथे मुलं अडखळतात, आणि इथेच वेळ द्यायला हवा, कारण लांब-आखूड हे तुलनेने ठरतं हे याच पायरीवर उमगतं. रंग आणि रुंदी सारखी ठेवण्याचं कारण साधं आहे. लाल रिबीन लांब आणि निळी आखूड असेल तर मूल ‘लांब म्हणजे लाल’ असंही धरून बसतं. हत्ती आणि उंदीर सारख्याच आकारात छापलेल्या तक्त्यावरून लहान-मोठं शिकवण्यातही हाच दोष आहे: आकाराचा फरक दिसतच नाही, म्हणून मूल ‘मोठा म्हणजे हत्ती’ असं धरतं.

जड-हलक्यासाठी झाकणाचे दोन सारखे डबे घ्यावेत, एकात वाळू, दुसऱ्यात कापूस. नंतर मोठ्या डब्यात कापूस आणि छोट्या डब्यात वाळू भरावी. ही अदलाबदल टाळली तर ‘मोठं ते जड’ हा समज तसाच राहतो.

डावा-उजवा मात्र निराळं प्रकरण आहे. आठवडाभर उजव्या मनगटाला दोरा बांधून फक्त ‘उजवा’ वापरावा, ‘डावा’ त्यानंतर. शिक्षक मुलांसमोर तोंड करून उभे राहिले तर त्यांचा उजवा हात मुलांच्या डाव्या बाजूला येतो, म्हणून या कृतीपुरतं मुलांकडे पाठ करून उभं राहावं.

क्रियापदांच्या जोड्या अंगाने कराव्यात: जिना चढ, जिना उतर, बटण लाव, बटण काढ. राजा-राणी हा लिंगबदल आहे. तो आणि समानार्थी शब्द त्याच आठवड्यात घेऊ नयेत, मुलं सूचनाच विसरतात. ‘अ’ लावून होणारे शब्द तिसरीच्या पुढे ठेवावेत. शक्य-अशक्य ठीक, पण अमूल्य म्हणजे कवडीमोल नव्हे, आणि हे सात वर्षांच्या मुलाला समजावणं कठीण आहे. सूर्य × चंद्र अशा जोड्या तर वगळाव्यातच.

घरच्या बोलीतला शब्द चूक धरू नये, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. ‘मोठा’च्या पुढे ‘बारका’ लिहिणाऱ्या मुलाला अर्थ पूर्ण कळलेला असतो. त्याला गुण द्यावेत आणि शेजारी ‘लहान’ लिहून दाखवावं. तिथे लाल फुली मारली की ते मूल पुढच्या वेळी रकाना कोराच ठेवतं.

लहान वर्गांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचा भर समजून वाचण्यावर आहे. तेव्हा चाचणीतला प्रश्नही बदलायला हवा. ‘घट्ट × ____’ ऐवजी ‘आमटी घट्ट झाली, पाणी घालून ती ____ करू’ आणि ‘नाडी घट्ट बसली, जरा ____ कर’ अशी वाक्यं द्यावीत. शिकवल्यानंतर आठवड्याने, वर्गात न वापरलेल्या वस्तू घेऊन तोंडी विचारावं: दोन पेन्सिली, दोन काठ्या, दोन दोऱ्या. आठवड्याला दोन जोड्या पुरेत. शाळांनी आणि स्वाध्यायपुस्तिका छापणाऱ्यांनी येत्या सत्रापासून एवढा बदल करावा, ही विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका