शब्दांचे गणगोत: मुलीस पत्र

परळ, मुंबई

चि. ओवी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इंग्रजीतले अवघड शब्द रोज यादी करून पाठ करतेस आणि आठवडा सरेपर्यंत त्यांतले निम्मे विसरतेस, असे तू परवा फोनवर सांगितलेस. मला नाईट ड्यूटीला निघायचे होते, म्हणून बोलणे अर्धवट राहिले. ते आता सविस्तर लिहिते. पाठांतराला माझा विरोध नाही. पण यादीतल्या शब्दाला ना आगा असतो ना पीछा, त्यामुळे तो मनात टिकत नाही. त्याच शब्दाची फोड करून मूळ धातू ओळखला, तर त्याच्याबरोबर त्याचे सगळे गणगोत हाती लागते. तू मराठी माध्यमात शिकलीस आणि शाळेत संस्कृत घेतलेस, याचा तुला कॉलेजात संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. या कामी मात्र तेच तुझे भांडवल आहे.

मीही मराठी शाळेतूनच नर्सिंगला आले. केसपेपरवरचे लांबलचक शब्द पाहून पहिल्या वर्षी छातीत धडकी भरायची. हायपर म्हणजे वर किंवा जास्त आणि हायपो म्हणजे खाली किंवा कमी, हे दोन ग्रीक उपसर्ग आमच्या ट्यूटरनी समजावले आणि निम्मा वॉर्ड वाचता येऊ लागला. हायपोग्लायसेमिया या शब्दात हायपो म्हणजे कमी, ग्लाय म्हणजे गोड आणि शेवटचे इमिया म्हणजे रक्तातली स्थिती; रक्तातली साखर उतरली, एवढेच तो सांगतो. राइनायटिस म्हणजे नाकाची सूज, आणि त्याच ग्रीक राइनला शिंग जोडले की राइनोसेरॉस, म्हणजे नाकावर शिंग असलेला गेंडा. पुढे कळले की हायपर आणि आपले उपरि, हायपो आणि आपले उप, हे शब्द एकाच मूळ भाषेतून आलेली भावंडे आहेत. डिसफंक्शनमधला ग्रीक डिस हा आपल्या दुर्जन, दुर्दशा यांतल्या दुस्‌चा भाऊ, आणि अॅनिमियातला आरंभीचा नकार हा आपलाच अ, अन्. अॅनॉनिमस आणि अनामिक हे शब्द शेजारी ठेवून पाहा: दोन्हींत आधी नकार आहे आणि नंतर नाव आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य योगायोगाचे असू शकत नाही, त्यांचा उगम एकच असावा, असे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडले होते. ते स्वतः तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, हे तुला कायद्याची विद्यार्थिनी म्हणून विशेष वाटेल.

आता तुझ्या विषयाकडे येते. लॅटिनमध्ये डिक्ट म्हणजे बोललेले. व्हर्डिक्ट म्हणजे खरे बोलणे, ज्युरिस्डिक्शन म्हणजे कायदा उच्चारण्याचा अधिकार, कॉन्ट्रॅडिक्ट म्हणजे विरुद्ध बोलणे. या धातूचे संस्कृत भावंड दिश्, म्हणजे दाखवणे. त्यातून आपले आदेश, निर्देश, उपदेश आले. न्यायालय निर्देश देते असे आपण म्हणतो, तेव्हा व्हर्डिक्टच्याच कुळातला शब्द वापरत असतो. इंडाइटमेंट, म्हणजे आरोपपत्र, हा शब्दही याच घरातला. तो लिहिताना मध्ये सी येतो, पण उच्चारात येत नाही, कारण शब्द फ्रेंचमधून सीशिवाय आला आणि पुढच्या काळातल्या विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावे म्हणून ते अक्षर मागाहून घातले. एवढे एकदा समजले की त्याचे स्पेलिंग चुकणार नाही आणि उच्चारही चुकणार नाही.

कायद्याच्या इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन शब्द जोडीने का येतात, हेही इतिहासातून उलगडते. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा 1362 मध्ये झाला, तरी फ्रेंच आणि लॅटिन शब्द इतके रुजले होते की ते गेले नाहीत. विल अँड टेस्टामेंट, म्हणजे मृत्युपत्र, यातला विल मूळचा इंग्रजी आणि टेस्टामेंट लॅटिन. गुड्स अँड चॅटल्स, म्हणजे जंगम मालमत्ता, यातला गुड्स इंग्रजी आणि चॅटल्स फ्रेंच. वाचताना कोणता शब्द कोणत्या घरचा, हे ओळखायची सवय कर. साधारणपणे छोटे, रोजच्या बोलण्यातले शब्द जुन्या इंग्रजीचे असतात आणि लांब, भारदस्त शब्द लॅटिनचे, फ्रेंचचे किंवा ग्रीकचे. तुझ्या यादीतले बहुतेक शब्द या दुसऱ्या गटातलेच आहेत.

मात्र मूळ कळले म्हणजे अर्थ कळला, असे कधीही धरून चालू नकोस. ग्रेग म्हणजे कळप. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याला महापालिका सेग्रिगेशन म्हणते, ते कळपातून बाजूला काढणेच आहे. ग्रेगेरियस म्हणजे माणसांत रमणारा, अॅग्रिगेट म्हणजे एकत्र केलेली बेरीज. एग्रीजस म्हणजे कळपातून उठून दिसणारा. पूर्वी तो स्तुतीचा शब्द होता, आज मात्र तो ढळढळीत वाईट गोष्टीलाच लावतात. एखाद्या ज्येष्ठ वकिलांना तू कौतुकाने एग्रीजस म्हणालीस, तर तो अपमान होईल. चेंबूर-माहूलच्या रिफायनऱ्यांतून निघणाऱ्या टँकरवर इन्फ्लॅमेबल लिहिलेले असते. तिथला इन नकाराचा नाही, इन्फ्लेमचा, म्हणजे पेटवण्याचा आहे, आणि तो नकार समजणे जिवावर बेतू शकते. पेड या अक्षरांची दोन मुळे आहेत: पेडेस्ट्रियनमध्ये लॅटिन पाय, जो आपल्या पदाचा भाऊ, आणि पेडियाट्रिक्समध्ये ग्रीक मूल. ऑर्थोपेडिकमध्येही मूलच आहे; निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने 1741 मध्ये मुलांचे वाकडे अवयव सरळ करण्याच्या विद्येला ते नाव दिले. शब्दांच्या जन्माच्या चटकदार गोष्टी मोबाइलवर फिरतात, त्यांवरही विसंबू नकोस. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ यांच्या आद्याक्षरांवरून न्यूज झाले ही गोष्ट खोटी आहे. तो न्यू म्हणजे नवे यावरूनच आला.

तुझ्या बाबांनी फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेला जाडजूड शब्दकोश मावशीबरोबर पाठवते आहे. प्रत्येक नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात शब्दाचे मूळ दिलेले असते. तिथे एल म्हणजे लॅटिन, जीके म्हणजे ग्रीक आणि ओएफ म्हणजे जुनी फ्रेंच. अर्थ पाहून पान मिटू नकोस, तो कंस वाच, मग त्याच मुळाचे आणखी दोन-तीन शब्द शोध, आणि ते सगळे वहीच्या एका पानावर लिही. प्रत्येक शब्दाखाली निकालपत्रातले किंवा वर्तमानपत्रातले एक खरे वाक्य उतरवून घे. ही शेवटची पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळलीस तर शब्द ओळखता येईल, वापरता मात्र येणार नाही.

सुरुवातीला स्पेक्ट घे, म्हणजे पाहणे. त्याचे संस्कृत भावंड स्पश्, ज्यातून आपला स्पष्ट आला. इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणे, सस्पेक्ट म्हणजे खालून, चोरून पाहणे, सर्कम्स्पेक्ट म्हणजे चहूकडे पाहून वागणारा. रेट्रोस्पेक्टिव्ह (मागे पाहणारा) आणि प्रॉस्पेक्टिव्ह (पुढे पाहणारा) हे दोन शब्द तर तुला नव्या कायद्यावरच्या अनेक निकालांत भेटतील. ते कुठे आणि कशा अर्थाने आले, ती वाक्ये पुढच्या पत्रात लिहून पाठव.

तुझी,
आई