भाडेपावतीवर नाव कुणाचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ती बातमी ऑनलाइन वाचली तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, राहूनच गेलं. आता आमच्या इथल्या कौन्सिलचं जाडजूड पाकीट दारात येऊन पडलंय, म्हटलं आता लिहायचंच. मी लंडनला कौन्सिलच्या फ्लॅटमधे राहते (कौन्सिल म्हणजे आपल्याकडची महापालिका समजा, घरमालक तीच), आणि सासर नायगावच्या बीडीडीतलं, १६० फुटांच्या खोलीत आम्ही सात माणसं होतो.

तर पाकिटात नवीन टेनन्सी अॅग्रीमेंट. लगेच सही करा असं नाही हां, आधी नुसती नोटीस, की आम्ही या या अटी बदलतोय, तुमचं काय म्हणणं असेल ते अमुक तारखेपर्यंत कळवा. इथे १९८५ च्या हाउसिंग अॅक्टमधेच तसं आहे, सिक्युअर (म्हणजे सहजासहजी घराबाहेर काढता न येणाऱ्या) भाडेकरूच्या अटी कौन्सिलला परस्पर बदलता येत नाहीत, आधी कळवायचं, लोकांचं ऐकायचं, मग पक्की नोटीस द्यायची आणि त्यानंतरही किमान चार आठवडे थांबायचं. भाडं वाढवायला मात्र ही आधीची विचारणा लागत नाही, तिथे बरोब्बर सवलत ठेवलीये!

कॉरिडॉरमधे ई-बाइक चार्ज करू नका, दाराला कॅमेरावाली बेल लावायची तर आधी विचारा, अशी पानंच्या पानं चाळत गेले आणि सक्सेशनच्या पानावर अडकले. म्हणजे भाडेकरू गेल्यावर घर कुणाकडे जाणार. आमचं घर १९९९ चं, मिस्टरांच्या आणि माझ्या दोघांच्या नावावर. ते २०१९ ला गेले, घर माझ्या एकटीच्या नावावर राहिलं, मला वाटलं यात काय विशेष, नाव तर आधीपासून होतंच. पण कायद्याच्या हिशेबात तोच एक वारसा झाला, आणि असा वारसा एकदाच मिळतो. मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, अगदी लहानपणापासून याच घरात, पण माझ्यामागे त्याला या घरावर कायद्याने हक्क नाही, कौन्सिलच्या मर्जीवर काय ते. २०१२ च्या एप्रिलनंतरची घरं असतील तर मुलाबाळांना बहुतेक पहिल्या फेरीतही नाही, फक्त नवरा-बायको किंवा पार्टनर. सव्वीस वर्षं या घरात काढून मला हे आत्ता कळतंय, कारण जुनं अॅग्रीमेंट मी कधी उघडूनच बघितलं नव्हतं, बारीक टाइपातलं इंग्रजी, कोण वाचतंय!

नायगावला काय वेगळं झालं? सासरे २००३ ला गेले, भाडेपावती त्यांच्याच नावाने येत राहिली, दर महिन्याची पावती सासूबाई बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घडी करून ठेवायच्या. नाव बदलून घ्या म्हटलं की दीर म्हणायचे, अगं भाडं भरतोय ना, कोण विचारतंय. मग पुनर्विकासाचा सर्व्हे आला आणि विचारलंच. पात्र कोण, तर पावती ज्याच्या नावावर. मृत्यूचा दाखला, अॅफिडेव्हिट, दोन्ही नणंदांची ना-हरकत, त्यातली एक बडोद्याला, तिच्या सहीसाठी दीर रात्रीची ट्रेन पकडून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत.

तिकडे आता भाडेकरूचे मालक होतायत, १६० फुटांचे ५०० होतायत, चांगलंच आहे, मला कौतुकच आहे. पण चावी घ्यायच्या गडबडीत कागद कोण वाचणार? करारनामा साध्या मराठीत, निदान पंधरा दिवस आधी घरी पोचायला हवा, म्हणजे नावं कुणाची, मेंटेनन्स किती, मागे कुणाला मिळणार हे घरात बसून बघता येईल, हॉलमधे रांगेत उभं राहून नाही. आणि शक्य तिथे बायकोचं नाव सुरुवातीलाच घालून घ्या, नंतर घालायला गेलं की काय होतं ते वर सांगितलंच. तुमच्या पेपराने असा एखादा करारनामा कलमवार समजावून छापला तर फार लोकांचं काम होईल.

परवा जाऊबाईंनी पात्रता यादीचा फोटो पाठवला, खूश होत्या, खाली पेढ्याचं चित्र. झूम करून बघितलं तर एकट्या दिरांचं नाव. मी लिहिलं, तुझं नाव कुठाय गं? निळी टिक आलीये, उत्तर अजून नाही.

- तुमची एक वाचक, लंडन